दुसऱ्या तासालाही डोक्यावर राहील असा हेडफोन

हेडफोन घेताना बहुतेक जण तो दोन मिनिटं डोक्यावर चढवून बघतात, एखादं ओळखीचं गाणं लावतात आणि आवाज आवडला की घेऊन टाकतात. त्रास सुरू होतो तो चाळीस-पन्नास मिनिटांनी. कानशिलं ठणकायला लागतात, कान तापतात, चष्म्याची काडी रुतते आणि व्हिडिओ गेम ऐन रंगात आलेला असताना हात सारखा हेडफोन सरकवायला वर जातो. ‘होईल सवय’ म्हणून आपण ते सोडून देतो. तसं सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. हेडफोनमध्ये आराम आणि आवाज एकमेकांना बांधलेले असतात. गादी कानाभोवती नीट बसली नाही तर आवाज बिघडतो, बिघडलेला आवाज आपण वाढवून ऐकतो आणि त्या वाढवलेल्या आवाजाची किंमत कानांना मोजावी लागते.

आधी दाबाचं बघू. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीने २०१८ मध्ये डोकेदुखीच्या प्रकारांचं जे वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात बाहेरच्या दाबामुळे होणाऱ्या डोकेदुखीची वेगळी नोंद आहे. हेल्मेट, पोहण्याचा चष्मा, डोक्याभोवती घट्ट बसणारी पट्टी यांपैकी काहीही तिला कारण होऊ शकतं. वस्तू चढवल्यापासून तासाभरात दुखणं सुरू होतं, काढल्यावर तासाभरात थांबतं, आणि दाब जिथे सर्वांत जास्त तिथेच सर्वांत जास्त दुखतं. रोज संध्याकाळी गेम खेळल्यावर डोकं दुखणारी कितीतरी माणसं दोष स्क्रीनला देतात. हेडफोन काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दुखणं थांबत असेल, तर आधी हेडफोनच्या पट्टीकडे, म्हणजे दोन्ही कप जोडणाऱ्या कमानीकडे बघावं.

हा दाब किती असतो, याचा हिशेब सोपा आहे. पट्टी दोन्ही बाजूंनी साधारण ५ न्यूटन जोराने आवळते असं धरू. अर्धा किलोचं वजन टेकवावं इतका हा जोर. कानाभोवती बसणाऱ्या गादीचा डोक्याला टेकणारा भाग ४० चौरस सेंटीमीटर असेल, तर दाब पडतो सुमारे १२५० पास्कल. रक्तदाबाच्या एककात सांगायचं तर ९ मिलिमीटर पारा, म्हणजे फार नाही. आता त्याच गादीखाली चष्म्याची काडी आली. ५ पैकी १ न्यूटन जरी काडीखालच्या २ चौरस सेंटीमीटर त्वचेवर एकवटला, तरी तिथला दाब ५००० पास्कलवर जातो, म्हणजे ३७ मिलिमीटर पाऱ्याच्या वर. शरीरक्रियेचे अभ्यासक यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या कडेच्या त्वचेत केशवाहिन्यांमधला दाब मोजला होता. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर भरला. बाहेरचा दाब बराच वेळ त्याच्या वर राहिला, की तिथला रक्तप्रवाह मंदावतो आणि त्वचा तक्रार करू लागते. कारखान्यांत गोंगाटापासून कान वाचवायला जे कानरक्षक वापरतात, त्यांच्या युरोपीय मानकातसुद्धा पट्टीच्या जोराला १४ न्यूटनची आणि गादीखालच्या दाबाला ४५०० पास्कलची मर्यादा घातलेली आहे. ती साधनं मुद्दाम घट्ट बनवलेली असतात; गाणी ऐकायच्या हेडफोनने त्यांच्या जवळपासही जायचं कारण नाही.

म्हणून चष्मा असणाऱ्यांनी हेडफोन चष्मा लावूनच तपासावा. मऊ, जाड गादी काडीला आपल्यात सामावून घेते, कडक गादी तिला कानशिलात दाबते. मेमरी फोम इथे कामाला येतो. १९६६ मध्ये नासाच्या एका कंत्राटी कामातून, विमानाच्या आसनांसाठी हा फोम जन्माला आला. शरीराच्या उबेने तो मऊ होतो आणि हळूहळू आकार घेतो. चढवल्याचढवल्या थोडा ताठ वाटला तर लगेच नापास करू नका, पाच मिनिटं द्या.

वजनाचं गणित जरा फसवं आहे. कानाभोवती बसणारे हेडफोन साधारण २०० ते ४०० ग्रॅमचे असतात आणि हलका तो चांगला, असा सरळ समज असतो. पण २२० ग्रॅमचा हेडफोन डोक्याच्या माथ्यावर एका अरुंद पट्ट्यात टेकत असेल, तर ३२० ग्रॅमच्या नीट पसरलेल्या हेडफोनपेक्षा तो आधी टोचू लागतो. माथ्यावर त्वचेखाली लगेच हाड असतं, मांसाचा थर जवळपास नाहीच. काही हेडफोनमध्ये कमानीखाली कापडाची किंवा रेक्झिनची झोळीसारखी पट्टी ताणलेली असते. ती डोक्याच्या गोलाईप्रमाणे वाकते आणि वजन मोठ्या भागावर वाटते. दिसायला ती साधी दिसते, मला मात्र जाडजूड गादीच्या कमानीपेक्षा तीच जास्त भरवशाची वाटते.

आता कान. बाह्यकर्ण म्हणजे कूर्चेवर ताणलेली पातळ त्वचा. कानावरच बसणारे छोटे हेडफोन ही कूर्चा डोक्यावर दाबतात. बसच्या प्रवासाला ते ठीक आहेत, तीन तासांच्या खेळाला नाहीत. कानाभोवती बसणारे घेतानाही आतली जागा बघा. प्रौढ माणसाचा कान साधारण ६ ते साडेसहा सेंटीमीटर उंच असतो, त्यामुळे आतलं भोक तेवढं नसेल तर कानाची वरची कड किंवा पाळी गादीखाली चेंगरते. ब्रिटनमधले डॉक्टर जेम्स हीथकोट यांनी १९९५ मध्ये आपल्या दवाखान्यातल्या रुग्णांचे कान मोजून दाखवलं होतं, की वयाबरोबर कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर लांब होत जातो. विशीतल्या मुलाला फिट बसणारा हेडफोन साठीतल्या वडिलांना आवळत असेल, तर हेही एक कारण असू शकतं.

उंचीपेक्षाही दुर्लक्षित राहते ती खोली. कान डोक्यापासून दोनेक सेंटीमीटर बाहेर आलेला असतो. गादी उथळ असेल तर कानाची कड आतल्या कापडाला, म्हणजे आवाज देणाऱ्या ड्रायव्हरच्या जाळीला टेकते. पहिल्या पाच मिनिटांत हे जाणवतच नाही. अर्ध्या तासाने त्या एका बिंदूवर आग होऊ लागते. तपासायचं असेल तर हेडफोन घालून जबडा उघडा-मिटा, मान खाली घाला, डावीकडे-उजवीकडे वळवा. कानाला आत काहीतरी घासत असेल तर तेव्हाच कळेल.

मेमरी फोमवरचं आवरण दोन प्रकारचं असतं. कृत्रिम चामडं हवा अडवतं, त्यामुळे बास, म्हणजे खालच्या पट्टीतला खोल आवाज, भरीव येतो आणि बाहेरचा गोंगाट कमी होतो, पण आत घाम धरतो. मखमलीसारखं कापड हवेशीर असतं, तासन्‌तास त्रास देत नाही. मात्र त्यातून बास थोडा निसटतो आणि बाहेरचे आवाज आत येतात. घरात शांत खोली असेल तर मी बिनदिक्कत कापडाची गादी सुचवेन.

बास निसटतो म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. ५० हर्ट्झच्या खोल आवाजाची तरंगलांबी हवेत जवळजवळ ७ मीटर असते. कानाभोवतीची पोकळी त्यापुढे इतकी लहान, की तिथे तरंग वगैरे उभा राहतच नाही. ड्रायव्हरचा पडदा पुढे आला की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल होते, आणि ही दाबातली चढउतार कानाच्या पडद्याला बास म्हणून जाणवते. सायकलच्या पंपाला भोक पडल्यावर जसा जोर निघून जातो, तसंच गादीला फट पडली की इथे होतं. बारीक, म्हणजे उंच पट्टीतल्या आवाजांवर परिणाम कमी होतो, कारण ते इतक्या झपाट्याने बदलतात की हवेला फटीतून निसटायला वेळच मिळत नाही. ही फट बहुतेक वेळा चष्म्याच्या काडीपाशी, जबड्याच्या मागच्या खळग्यात किंवा दाट केसांमुळे पडते. तपासायला ४०-५० हर्ट्झचा सलग सूर लावा आणि दोन्ही कप तळहातांनी अलगद दाबा. सूर एकदम फुगला, तर एरवी तो गळत होता असं समजा. असा गळका हेडफोन ‘बास कमी आहे’ म्हणून बदनाम होतो, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर तोच उत्तम वाजतो.

हे बंद कपांच्या हेडफोनचं झालं. कपाची मागची बाजू जाळीची ठेवायची कल्पना सेनहायझर या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ या मॉडेलमधून बाजारात आणली. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा तो हलका हेडफोन खूप गाजला. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये कान कोंडत नाहीत, उष्णता साठत नाही आणि आवाज डोक्याच्या आत अडकल्यासारखा वाटत नाही. शिवाय माइकवर बोलताना स्वतःचा आवाज घुमत नाही. एकट्याच्या खोलीत गेम खेळणाऱ्यासाठी याहून सुखाचा प्रकार नाही. घरात टीव्ही चालू असेल, शेजारी कुणी झोपलेलं असेल किंवा प्रवासात वापरायचा असेल, तर मात्र बंद कपच हवेत, कारण उघड्या पाठीतून आवाज दोन्ही दिशांनी ये-जा करतो.

गेममध्ये पावलांचा आवाज नेमका कुठून आला हे कळायला सात-आठ स्पीकरचा हेडफोन लागत नाही. आवाज उजवीकडून आला तर डाव्या कानाला तो जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे, विशेषतः बारीक आवाज, थोडा मंद पोहोचतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच दिशा ओळखण्याच्या या दोन खुणा मांडल्या होत्या. पुढे-मागे आणि वर-खाली ओळखायला बाह्यकर्णाच्या वळ्या मदत करतात. त्या प्रत्येक दिशेच्या आवाजावर वेगळा संस्कार करतात. गेमचं सॉफ्टवेअर याच खुणांची नक्कल करून दोन कानांना दोन वेगळे आवाज पाठवतं. त्यामुळे खोक्यावर ‘७.१’, म्हणजे सात स्पीकर आणि बाससाठी आणखी एक, असं छापलेलं असलं तरी आत बहुधा दोनच ड्रायव्हर असतात आणि बाकीचं काम गणिताचं असतं. सॉफ्टवेअरने गृहीत धरलेल्या कानाच्या वळ्या तुमच्या कानासारख्या नसतील, तर पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. गेमची आणि हेडफोनची अशा दोन्हीकडची ही नक्कल करणारी सोय एकाच वेळी चालू ठेवली तर आवाजाचा चिखल होतो. कुठलीतरी एकच चालू ठेवा.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नये. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा म्हणून ४० मिलिमीटरवाल्यापेक्षा चांगला असं नसतं, आणि माणसाला ऐकू येण्याची वरची मर्यादाच २० हजार हर्ट्झ असताना ४० हजारांचा काही उपयोग नाही. ध्वनीचे संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली, तेव्हा ते कुठल्या पट्टीतला आवाज किती देतात याचा आणि त्यांच्या किमतीचा काही संबंध सापडला नाही. जास्त पैसे मोजायचेच असतील तर ते गादी, कमान आणि टिकाऊपणासाठी मोजावेत.

आवाज किती ठेवायचा याला जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे: प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला जेमतेम ४. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केशपेशी दर कानाला १५-१६ हजारच असतात, आणि मेलेल्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. गेममध्ये धोका एका खास कारणाने वाढतो. पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज चढवून ठेवलेला असतो आणि मग स्फोट त्याच पातळीवरून कानात शिरतो. बऱ्याच गेममध्ये ‘नाइट मोड’ किंवा आवाजातली तफावत कमी करणारी सोय असते. ती चालू केली की पावलं उठून येतात आणि स्फोट दबतात. माझ्या मते गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यात आधी हीच सेटिंग शोधावी.

गोंगाट रद्द करणारे हेडफोन इथे कामाला येतात, कारण पंख्याची किंवा इंजिनाची घरघर कमी झाली की मूळ आवाज वाढवावा लागत नाही. ही युक्ती अखंड, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालते. बोलण्यावर किंवा कुकरच्या शिटीवर फारशी चालत नाही. काहींना ती चालू केल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटतं. तुम्हाला तसं होत असेल तर महागडं मॉडेल घेऊनही ते वाटणं जाईलच असं नाही.

वायरलेस घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. साध्या ब्लूटूथवर आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो. गाण्याला त्याने काही बिघडत नाही, गेममध्ये बंदूक आधी चालते आणि आवाज मागाहून येतो. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर उतरते आणि गेमचा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो, तो त्या पद्धतीचा दोष आहे. गेमसाठी २.४ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल (संगणकात खोचायचा छोटा तुकडा) असलेला किंवा सरळ वायरचा हेडफोन घ्यावा. दोन्ही कामांना एकच हवा असेल तर डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला बघावा.

शेवटचं तपासायचं ते म्हणजे गाद्या निघतात का. कृत्रिम चामड्यातलं पॉलियुरेथेन घाम आणि दमटपणामुळे हळूहळू विघटित होतं. आधी बारीक सुरकुत्या पडतात, मग काळे पापुद्रे सुटून गालाला आणि केसांना चिकटतात, आणि खालचा फोम दबून सपाट होतो. सपाट झालेल्या गादीत कान ड्रायव्हरच्या जवळ जातो, त्यामुळे टोचणंही वाढतं आणि सूरही बदलतो. गाद्या खाचेत बसवलेल्या असतील तर दोन मिनिटांत बदलता येतात. चिकटवलेल्या असतील तर चांगला चालणारा हेडफोन केवळ त्यापायी टाकून द्यावा लागतो. नव्या गाद्या शक्यतो त्याच मॉडेलच्या घ्या. जाडी, भोकाचा आकार किंवा कापड बदललं, की बास आणि बारीक आवाज दोन्ही बदलतात, आणि ज्या आवाजासाठी तो हेडफोन निवडला होता तो मिळेनासा होतो.