काल्मन फिल्टर

सेन्सरच्या रीडिंगमध्ये नॉइज, म्हणजे खऱ्या मापात मिसळणारे अनियमित चढउतार, असताना यंत्राची जागा, वेग, कल यांचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज काढण्याची गणिती पद्धत. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी अभियंते रुडॉल्फ काल्मन (१९३०–२०१६) यांनी ती १९६० मध्ये मांडली.

अडचण रोबोच्या सांध्यावर नीट दिसते. शाफ्टवरच्या एन्कोडरची, म्हणजे फिरण्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरची, पायरी ०.१ अंशाची असेल आणि संगणक दर मिलिसेकंदाला रीडिंग घेत असेल, तर दोन रीडिंगच्या फरकावरून काढलेला वेग १०० अंश प्रतिसेकंदाच्या उड्या मारतो. सांधा मात्र संथच फिरत असतो. तो वेग खरा धरून हुकूम सोडले की मोटर थरथरते, गिअर वाजू लागतात. सरासरी घेतली तर नॉइज दबतो, पण माहिती उशिरा पोचते आणि यंत्र डोलू लागते.

काल्मन फिल्टर गतीची समीकरणे आणि मोटरला दिलेला हुकूम यांवरून यंत्र आता कुठे असेल, हे आधी वर्तवतो. मग आलेल्या रीडिंगशी ताडून अंदाज दुरुस्त करतो. दुरुस्ती किती करायची, हे अंदाज आणि सेन्सर यांपैकी कोण किती अनिश्चित आहे त्यावर ठरते. जुनी रीडिंग साठवावी लागत नाहीत, म्हणून लहान संगणकालाही हे काम झेपते.

अपोलो यानाच्या संगणकात लिहिण्या-पुसण्याजोगी स्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची; इथे शब्द म्हणजे ठरावीक लांबीचा एक आकडा मावणारी जागा. नासाच्या एम्स केंद्रातील स्टॅनली श्मिट यांनी ही पद्धत चंद्रप्रवासाच्या अरेषीय समीकरणांसाठी बेतून घेतली. अंतराळवीर सेक्स्टंटने तारा आणि पृथ्वीचे किंवा चंद्राचे क्षितिज यांतला कोन मोजत; अशा एकेका कोनासरशी यानाचे स्थान आणि वेग दोन्ही सुधारत. पण आखूड शब्दांत आकडेमोड करताना बारीक चुका साचतात आणि अनिश्चितता ऋण निघू शकते, जे अशक्य आहे. एमआयटीतील जेम्स पॉटर यांनी अनिश्चिततेच्या सारणीऐवजी (अनिश्चितता मांडणाऱ्या आकड्यांच्या चौकटीऐवजी, म्हणजे मॅट्रिक्सऐवजी) तिच्या वर्गमुळावर आकडेमोड चालवून हा धोका टाळला. या पद्धतीच्या इतिहासातले हे फार देखणे काम आहे.

प्रत्यक्ष वापरात कस लागतो तो नॉइजचे आकडे ठरवताना. सेन्सरचा नॉइज यंत्र स्थिर ठेवून मोजता येतो. समीकरणांतली चूक, म्हणजे घर्षण, गिअरमधला ढिलेपणा, इतकी सहज सापडत नाही. ती फार कमी धरली, तर फिल्टर स्वतःच्याच अंदाजाला चिकटून बसतो आणि नवी रीडिंग जवळपास दुर्लक्षितो. म्हणून अंदाज आणि रीडिंग यांतल्या फरकाचा आलेख पाहतात. फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना विस्कळीत पडायला हवा. तो सतत एकाच बाजूला राहिला, तर समीकरणे किंवा सेन्सर तपासावे लागतात.