माउंटन बाइक: फ्रेमचे माप आणि बैठक

डोंगरवाटेवर चालवायच्या सायकलीची फ्रेम स्वाराच्या अंगाला जुळणारी निवडणे आणि मग सीट, हँडल व ब्रेक यांच्या जागा ठरवणे, या दोन्ही कामांना मिळून ‘फिटिंग’ म्हणतात. कामे मात्र वेगळी आहेत. फ्रेम एकदाच घेतली जाते आणि तिची लांबी पुढे बदलत नाही. बैठक घरीच टेप, ओळंबा आणि दोन-तीन ऍलन पाने घेऊन बदलता येते. म्हणून फ्रेम निवडताना लांबी पाहायची. सीटची उंची अर्ध्या मिनिटात बदलते, तिच्यावरून माप ठरवायचे नाही. दुकानात बहुधा याच्या उलट चालते: गिऱ्हाइकाला सीटवर बसवतात, पाय टेकतात का ते पाहतात आणि सायकल ‘बसली’ म्हणून सांगतात.

‘सव्वीसची सायकल’ आणि फ्रेमचे माप

आपल्याकडे ‘कितीची सायकल?’ या प्रश्नाचे उत्तर चाकाच्या आकड्यात मिळते: २४ची, २६ची, आता २७.५ची किंवा २९ची. हा चाकाचा व्यास झाला, फ्रेमचे माप नव्हे. २९ इंची चाकाची सायकल पाच फूट उंचीच्या स्वारासाठीही मिळते आणि सव्वासहा फुटांच्या स्वारासाठीही. गोंधळाचे मूळ जुने आहे. दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलीला २२ इंची किंवा २४ इंची म्हणत ते फ्रेमच्या उंचीवरून, चाके दोन्हींना २८ इंचीच असत. पुढे लहान मुलांच्या आणि जाड टायरच्या सायकली आल्या तेव्हा आकडा चाकाकडे गेला, शब्द तेच राहिले.

फ्रेमचे पारंपरिक माप म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे म्हणजे क्रँक जिथे फ्रेमला जोडतात तो भाग) मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर: १५, १७, १९ इंच असे. वरची नळी जमिनीला समांतर असण्याच्या काळात हा आकडा उपयोगी होता. आता ती नळी मागे उतरती असते आणि सीटची नळी मुद्दाम आखूड ठेवतात, त्यामुळे त्यावरून फारसे कळत नाही. एस, एम, एल ही अक्षरेही कंपनीगणिक बदलतात; एका कंपनीचा एम दुसरीच्या एलएवढा लांब निघू शकतो.

खरे सांगणारे आकडे दोन, रीच आणि स्टॅक. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून सरळ वर एक उभी रेघ कल्पावी. तिथून हेडच्या नळीच्या (हँडलखालची, फ्रेमची सर्वांत पुढची नळी) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच आणि बॉटम ब्रॅकेटपासून त्याच टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. स्वार पेडलवर उभा राहिला की सीटचा संबंध संपतो. पाय आणि हात यांच्यामधले अंतर या दोन आकड्यांवरच ठरते. डोंगरात अवघड जागी स्वार उभाच असतो.

आजच्या ट्रेल (चढ-उतार दोन्हींसाठीच्या) सायकलींत साधारण १६० ते १७० सेंमी उंचीच्या स्वाराला ४२० ते ४४५ मिमी, १७० ते १७८ सेंमीला ४४० ते ४६५ मिमी आणि १७८ ते १८६ सेंमीला ४६५ ते ४९० मिमी रीच जुळतो. क्रॉस-कंट्रीच्या (लांब पल्ल्याच्या वेगवान शर्यतीच्या) सायकलींचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) जरा लांब असल्याने त्यांचा रीच थोडा कमी चालतो. दोन मापांच्या मधोमध पडणाऱ्याने वळणावळणाची, अरुंद वाट जास्त चालवायची असेल तर लहान आणि वेगवान उतार जास्त असतील तर मोठे माप घ्यावे.

जाहिरातीत दिलेली ‘वरच्या नळीची लांबी’ बसल्या बैठकीची असते आणि ती फसवते. ४५० मिमी रीच आणि ६२० मिमी स्टॅक असलेल्या दोन फ्रेम घ्या. एकीच्या सीटच्या नळीचा कोन ७३ अंश, दुसरीचा ७७. पहिलीची वरची नळी ६४० मिमी भरते, दुसरीची सुमारे ५९३. कागदावर दुसरी जवळजवळ दोन मापांनी लहान दिसते. उभे राहिल्यावर दोन्ही सारख्याच.

मुलांसाठी कपड्यांसारखी ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेण्याची रीत इथे अंगाशी येते. लांब फ्रेमवर मुलाचे हात ताणलेले राहतात आणि ब्रेकच्या मुठीपर्यंत बोटे पोचत नाहीत. रस्त्यावर हे निभते, उतारावर निभत नाही.

लांबी कशी वाढली

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७०च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडण्याचा खेळ सुरू झाला. तिथली ‘रिपॅक’ ही उतारावरची शर्यत पहिल्यांदा १९७६मध्ये झाली. त्यानंतर बनलेल्या फ्रेमची मापे रस्त्यावरच्या सायकलींवरून आली: आखूड फ्रेम, लांब स्टेम, अरुंद हँडल. १९९०च्या दशकात १२० मिमीहून लांब स्टेम नेहमीचे होते. स्वाराचे वजन पुढच्या चाकावर इतके येई की तीव्र उतारावर सायकल पुढे उलथे. दशकाच्या अखेरीस गॅरी फिशर या निर्मात्याच्या सायकलींनी वरची नळी लांब करून स्टेम आखूड केला. २०१०नंतर स्पेनच्या माँड्रेकर कंपनीने हीच कल्पना टोकाला नेऊन १० मिमीचा स्टेम लावला. तो टिकला नाही, पण लांब रीच आणि ३५ ते ५० मिमीचा स्टेम ही जोडी आता सर्वमान्य आहे. उतारावर सीट खाली करण्याची गरजही तेवढीच जुनी. जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांची ‘हाइट-राइट’ ही स्प्रिंग १९८४ची. आजचा ड्रॉपर सीटपोस्ट (सीटखालचा वरखाली होणारा दांडा) तेच काम अंगठ्याने करतो.

आधी सॅग

स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन जितके दबते त्याला सॅग म्हणतात. मापे घेण्याआधी सस्पेन्शनची हवा ठरवावी. हा क्रम चुकला तर पुढचे सगळे काम पुन्हा करावे लागते. नेहमीची पाठपिशवी, पाणी, हेल्मेट, बूट यांसह स्वार बसल्यावर पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुशाखी भाग) त्याच्या हालचालीच्या १५ ते २० टक्के आणि मागचा शॉक २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीत १२० मिमीचा फोर्क २० टक्के म्हणजे २४ मिमी दबतो. चाकांमधले अंतर ११५० मिमी धरले तर सगळी फ्रेम सुमारे १.२ अंश पुढे झुकते. सीटची नळी तेवढी उभी होते आणि सीटचे टोक तेवढे खाली जाते. मागे सस्पेन्शन असेल तर उलट, मागची बाजू जास्त बसते आणि सीटचे टोक वर येते. रिकाम्या सायकलीवर पाणसळ लावून सीट सपाट केली तरी चढावर टोचते, त्याचे कारण हेच.

सीटची उंची

अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे, पावलांत १५ सेंमी अंतर ठेवावे. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक जांघेत सीट दाबते तेवढे दाबून धरावे, एक कड भिंतीला काटकोनात टेकवावी. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. तीनदा मोजून सरासरी घ्यावी; पुस्तक तिरके धरले की २ सेंमी सहज चुकतात. आलेल्या आकड्याला ०.८८३ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते. पायाची लांबी ७८ सेंमी असेल तर ६८.९ सेंमी. हे गणित रस्त्यावरच्या सायकलींचे. डोंगरात ५ ते १० मिमी कमीच ठेवतात.

आकडा ही फक्त सुरुवात. पेडल अगदी खाली असताना टाच पेडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. पाऊल नेहमीच्या जागी आणले की गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. दुसऱ्या कुणाला मागून पाहायला सांगावे. कंबर डावी-उजवी डोलत असेल तर सीट उंच आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल तरी बहुधा उंचच आणि वाटीच्या पुढे दुखत असेल तर बहुधा खाली. बदल एका वेळी ३ ते ५ मिमीपेक्षा जास्त करू नये. क्रँक १७५ऐवजी १६५ मिमीचा बसवला तर सीट १० मिमी वर घ्यावी लागते. हे विसरले की नव्या क्रँकला दोष दिला जातो.

ड्रॉपर घेताना सीटच्या नळीची लांबी पुन्हा महत्त्वाची ठरते. वरच्याच स्वाराला ६८९ मिमी उंची हवी, नळी ४२० मिमीची आहे. वर उरले २६९. रेलपासून (सीटखालच्या सळ्या) सीटच्या माथ्यापर्यंतचे ४५ मिमी वजा केले की २२४ राहतात. १५० मिमीच्या ड्रॉपरला कॉलरपासून (तो नळीत शिरतो तिथली कड) रेलपर्यंत साधारण २०० मिमी लागतात, तो बसतो. १८० मिमीच्याला २३०च्या आसपास लागतात, तो बसत नाही. मोठी फ्रेम घेतली की आखूड ड्रॉपर घ्यावा लागतो तो यामुळे. उलट लहान फ्रेमवर साधा सीटपोस्ट वर ओढताना ‘मिनिमम’ची खूण बाहेर दिसू देऊ नये, तशा सीटपोस्टने नळी वेल्डपाशी तडकते.

सीट मागेपुढे करण्यासाठी क्रँक आडवे धरून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडतात आणि तो पेडलच्या एक्सलवरून जातो का ते पाहतात. ७६-७७ अंशांच्या उभ्या नळीवर तो २-३ सेंमी पुढे पडतो, ते चुकीचे नाही. अशा सायकली चढावर पुढचे चाक जमिनीला धरून राहावे म्हणूनच तशा केलेल्या असतात. पुढचे चाक चढावर भटकत असेल तर सीट ५ मिमी पुढे सरकवून पाहावी. हात जवळ आणण्यासाठी सीट पुढे ओढू नये, ते काम स्टेमचे. सीट सपाट किंवा टोक १ ते ३ अंश खाली. त्याहून जास्त झुकवली की अंग घसरते आणि सगळा भार तळव्यांवर येतो.

हँडल

स्टेममध्ये १० ते १५ मिमीचा फरक चालतो. आखूड फ्रेमला ९० मिमीचा स्टेम लावून लांबी मिळवणे म्हणजे १९९०च्या दशकात परत जाणे: सुकाणू जड होते आणि उतारावर वजन पुढे जाते. फार लांब फ्रेमवर कोपर सरळ राहतात, वजन मागे राहते आणि वळणावर पुढचे चाक सटकते. तिथे ३५ मिमीचा स्टेमही थोडीच मदत करतो.

स्टेमखालचा १० मिमीचा स्पेसर (कडी) काढून वर ठेवला की हँडल सुमारे ९ मिमी खाली आणि ४ मिमी पुढे जाते, कारण हेडची नळी तिरकी असते. उंची हवी पण लांबी तीच ठेवायची असेल तर स्पेसरऐवजी जास्त उंचीचे हँडल घ्यावे. ट्रेल सायकलीत मुठी चढावरच्या सीटच्या पातळीच्या आसपास असतात, क्रॉस-कंट्रीत काही सेंटिमीटर खाली.

नवे हँडल बहुधा ७८० ते ८०० मिमीचे येते. मध्यम बांध्याच्या स्वाराला ७४० ते ७७० पुरते. कापण्याआधी मुठी आणि ब्रेक आत सरकवून आठवडाभर चालवावे; मग दोन्हीकडून ५-५ मिमी. कापलेले परत जोडता येत नाही. ब्रेकच्या मुठी (लिव्हर) इतक्या आत असाव्यात की तर्जनी लिव्हरच्या टोकावर पडेल आणि उभ्या बैठकीत मनगट सरळ राहील. लिव्हर आडव्यापासून साधारण २० ते ३० अंश खाली. बसून लावलेले लिव्हर फार खाली राहतात, म्हणून ते उभे राहूनच लावावेत.

स्टेम बसवताना आधी वरचा बोल्ट हळूच आवळून हेडसेटचा (हेडच्या नळीतल्या बेअरिंगचा) खुळखुळ घालवायचा आणि त्यानंतरच बाजूचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरने. बाजूचे आधी आवळले तर वरचा कितीही फिरवला तरी खुळखुळ तशीच राहते.

उभी बैठक तपासणे

सीट खाली करून सपाट जागी क्रँक आडवे ठेवून उभे राहावे: टाचा किंचित खाली, गुडघे सैल, कंबर मागे, कोपर बाहेर, छाती खाली. भार पायांवर असेल तर क्षणभर मुठी सैल करता येतात. मुठी सोडताच अंग पुढे पडत असेल तर हँडल खाली तरी आहे किंवा कंबर पुरेशी मागे गेलेली नाही. कोपर वाकवायला जागाच नसेल तर फ्रेम लांब आहे. वरच्या नळीवरून पाय जमिनीला टेकवून उभे राहिल्यावर जांघ आणि नळी यांत निदान ५ सेंमी मोकळे असावेत, म्हणजे उतारावर अचानक उतरावे लागले तरी पाय टेकतो.