हाडांत उतरणारा कर्करोग आणि दाहाची प्रथिने : पार्श्वभूमी

‘कॅन्सर हाडात उतरला’ असे जळगाव-धुळ्याकडे म्हटले जाते. त्यापाठोपाठ डॉक्टरांनी सुजेचा उल्लेख केला की नातेवाईक गोंधळतात, कारण मणक्यावर किंवा मांडीवर सूज कुठेच दिसत नसते. येथे सूज या शब्दापेक्षा दाह हा शब्द बरा. जखम भरताना किंवा जंतूंशी लढताना पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्यांच्याशी या विषयाचा संबंध आहे. हे निरोप म्हणजे लहान प्रथिने असून त्यांना सायटोकाइन म्हणतात.

कर्करोगाच्या गाठींमध्ये दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी आढळतात, हे एकोणिसाव्या शतकातच एका जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने नोंदवले होते. १८८९ मध्ये लंडनच्या एका शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि रोग अवयवांत सरसकट पसरत नाही, ‘बी’ला, म्हणजे कर्करोगाच्या पेशीला, मानवणारी ‘माती’, म्हणजे योग्य अवयव, लागते, असा निष्कर्ष काढला. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. फक्त तो बी पेरत नाही, कंद किंवा रोप लावतो, आणि त्याआधी जमीन तयार करतो. गाठही आपली जमीन तयार करते, हे समजायला मात्र आणखी शतकभर लागले. दरम्यान १९४० मध्ये मणक्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांचे जाळे दाखवले गेले आणि रोगाचा हाडांकडचा प्रवास हा निव्वळ रक्ताच्या वाटेचा प्रश्न आहे, या मताला बळ मिळाले.

दाहाची प्रथिने या कथेत आली ती १९७२ मध्ये, आणि तीही कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून नव्हे. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींना राजम्यातून काढलेल्या द्रव्याने किंवा दातांवरच्या कीटणातील घटकांनी चेतवले आणि त्या पेशी वाढवलेला द्रव उंदराच्या गर्भाच्या हाडांवर टाकला, तेव्हा हाड झिजू लागले. प्रश्न मुळात हिरड्यांच्या आजारात जबड्याचे हाड का विरघळते, हा होता. त्या द्रवातील अज्ञात घटकाला ‘ऑस्टिओक्लास्ट चेतवणारा घटक’ असे नाव मिळाले. ऑस्टिओक्लास्ट म्हणजे हाड खाणाऱ्या पेशी. १९७४ मध्ये मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगाच्या पेशीही असाच घटक सोडतात असे दिसले आणि नाव रूढ झाले.

हे नावच पुढे अडचणीचे ठरले. ‘घटक’ हे एकवचन वाचून प्रत्येकाने एकच रेणू गृहीत धरला आणि त्याच्या शुद्धीकरणात दशकाहून अधिक काळ गेला. १९८५ मध्ये शुद्ध केलेले प्रथिन निघाले इंटरल्यूकिन-१ बीटा हे सायटोकाइन, म्हणजे ताप आणि दाहाच्या अभ्यासकांना दुसऱ्या नावाने आधीच ठाऊक असलेले. पुढच्याच वर्षी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि लिंफोटॉक्सिन ही प्रथिनेही हाड झिजवतात असे सिद्ध झाले. म्हणजे ज्याला एक माणूस समजले जात होते ती टोळी निघाली. इंटरल्यूकिन-६ ची कथा याहून गमतीची : बी-पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढवणारे, यकृताला चेतवणारे, इंटरफेरॉन या विषाणूरोधी प्रथिनांच्या कुळातले अशा वेगवेगळ्या ओळखींनी ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वावरत होते आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती सारी एकच आहेत हे मान्य झाले.

माझ्या मते या नामगोंधळाची किंमत मोठी होती. जुने नाव मोडीत निघताना त्यामागचा प्रश्नही मागे पडला. १९८७ मध्ये पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे एक प्रथिन सापडले, स्तनाच्या कर्करोगात हाड झिजवण्याचे श्रेय मुख्यतः त्याला गेले आणि दाह दुय्यम ठरला. याच काळात दुष्टचक्राची कल्पना आकाराला आली : गाठ हाड विरघळवते, हाडात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात, त्यांवर गाठ पोसते आणि आणखी हाड विरघळवते. १९९८ पर्यंत या साखळीतील निर्णायक दुवा, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट तयार करवणारे प्रथिन, सापडला, पण त्यालाही चार नावे होती. अखेर २००० मध्ये एका समितीने ‘रँक लायगंड’ हे नाव कायम केले. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे हाड घडवणाऱ्या व मज्जेतील आधार देणाऱ्या पेशींना रँक लायगंड अधिक तयार करायला लावतात, हे कळल्यावर दाह पुन्हा मध्यभागी आला. या दुव्याला रोखणारे डेनोसुमॅब हे औषध २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि आज हाडांत पसरलेल्या रोगात ते वापरले जाते.

तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे परिचित असल्याने एक फरक नोंदवायला हवा. गालाची किंवा हिरडीची गाठ शेजारच्या जबड्यात घुसते, ते थेट आक्रमण होय. रक्तावाटे दूरच्या हाडात जाणे वेगळे. मात्र जबड्यातही हाड खाण्याचे काम ऑस्टिओक्लास्टच करतात, आणि त्यांना चेतवणाऱ्यांत इंटरल्यूकिन-६ आहेच.

गेल्या दशकातील निष्कर्ष एका सुरात नाहीत. हृदयविकाराच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवरील २०१७ च्या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारे औषध दिल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले दिसले, पण प्रत्यक्ष त्या कर्करोगाच्या रुग्णांवरील नंतरच्या मोठ्या चाचण्यांत हेच औषध अपेक्षेला उतरले नाही. उंदरांच्या मज्जेत इंटरल्यूकिन-१ बीटा तेथे पोहोचलेल्या कर्करोगाच्या पेशींना वाढू देते असे २०१९ मध्ये दाखवले गेले. त्याआधी एका वर्षानेच दुसऱ्या गटाने मूळ गाठीमुळे उद्भवलेल्या दाहात हेच प्रथिन दूर पोहोचलेल्या पेशींना वाढण्यापासून रोखते, असे मांडले होते. दोन्ही निष्कर्ष खरे असतील, तर औषध मूळ गाठ शरीरात असताना द्यायचे की ती काढल्यानंतर, हा प्रश्न १९७२ मध्ये त्या द्रवातील घटक होता तितकाच अनिर्णित आहे.