थाखिन कोडॉ म्हाइंग

थाखिन कोडॉ म्हाइंग (२३ मार्च १८७६ – २३ जुलै १९६४) : ब्रह्मी कवी, पत्रकार, नाटककार व शांतता चळवळीचे नेते. मूळ नाव माँग लुन. जन्म प्रोमजवळच्या वाले या खेड्यात. शिक्षण मंडालेच्या बौद्ध विहारात. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत करून मंडालेतून नेले, ते नऊ वर्षांच्या लुनने पाहिले. हाच थिबा पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला.

तरुणपणी छापखान्यांत काम करता करता लुन यांनी डझनावारी नाटके लिहिली. १९११ मध्ये ते ‘थुरिया’ (सूर्य) या वृत्तपत्रात दाखल झाले. इंग्रजाळलेले ब्रह्मी बाबू तेव्हा नावाआधी ‘मिस्टर’ लावून मिरवत. त्यांना चिमटा म्हणून लुन यांनी एका लोकप्रिय कादंबरीच्या छचोर नायकाचे नाव उचलले आणि ते ‘मिस्टर माँग म्हाइंग’ झाले.

त्यांची खरी कमाई म्हणजे ‘टीका’. पाली धर्मग्रंथांवरील भाष्याचा हा भारदस्त साचा; त्यात गद्याच्या अधेमधे पद्य पेरून त्यांनी राजकारण भरले. साहेबावर, मोरावर, माकडावर, कुत्र्यावर अशा टीका त्यांनी लिहिल्या. द्विदल राज्यपद्धतीतल्या (काही खाती इंग्रज गव्हर्नरकडे, काही स्वदेशी मंत्र्यांकडे अशी कारभाराची वाटणी) पदांसाठी एकमेकांवर गुरगुरणारे स्वदेशी पुढारीही त्यातून सुटले नाहीत. गोऱ्यांना झोडपणारे लेखक पुष्कळ होते; आपल्याच माणसांची अशी हजेरी घेणारे थोडे.

१९३० नंतरच्या दशकात ते ‘दोबामा’ (आम्ही ब्रह्मी) या राष्ट्रवादी संघटनेत आले. गोऱ्या साहेबाला लावायची ‘थाखिन’ (धनी) ही उपाधी तिथले तरुण स्वतःलाच लावत. १९३८ मध्ये संघटना फुटली, तेव्हा पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेते झालेले आँग सान म्हाइंग यांच्या गटात होते.

१९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि काही महिन्यांतच यादवी पेटली. पंतप्रधान ऊ नू आणि बंडखोर कम्युनिस्टांचे थान टुन, दोघेही एकेकाळचे थाखिन. सत्तरी ओलांडलेले म्हाइंग दोघांनाही वाटाघाटींना बसा म्हणून सांगत राहिले. त्यांचा कल डावीकडे होता, हे उघडच आहे. १९५४ चे स्टालिन शांतता पारितोषिकही त्यांना मिळाले. १९६३ मध्ये ने विन यांच्या लष्करी राजवटीने बंडखोरांशी बोलणी केली. ती नोव्हेंबरात फिसकटली आणि शांततेसाठी झटणाऱ्यांचीच धरपकड झाली. पुढच्या वर्षी म्हाइंग वारले. रंगूनमध्ये श्वेडगॉन पॅगोड्याच्या दक्षिणेस, थिबाची राणी सुपायालात हिच्या समाधीच्या आवारातच त्यांची समाधी आहे. २३ मार्च १९७६ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीला, विद्यार्थ्यांनी लष्करी राजवटीविरुद्ध निदर्शने केली. पाठोपाठ अटकसत्र सुरू झाले.