शून्य मिळालं, म्हणजे पास

कर्वे रस्त्याजवळच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री चाळीस संगणकांवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्या चार-पाच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, टाकायचे होते. प्रत्येक खुर्चीवर बसून तेच ते टाइप करण्यापेक्षा एका विद्यार्थ्यानं शेल स्क्रिप्ट लिहिली, सगळ्या मशिनवर सोडली आणि मला मेसेज केला, ‘झालं सर. चाळीसच्या चाळीस.’

सकाळी सतरा मशिनवर काहीही नव्हतं.

सुट्टीत ही सतरा मशिन नव्यानं फॉरमॅट केली होती आणि त्यांच्यात प्रॉक्सीचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडून देणाऱ्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता भरायचा राहिला होता. लॅबच्या आतल्या जाळ्यात ती दिसत होती, बाहेरचं इंटरनेट मात्र बंद. कारण साधं आहे. मला कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचं होतं: स्क्रिप्टनं ‘झालं’ म्हटलं कशाच्या जोरावर?

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम. युनिक्सवरचा बॉर्न शेल 1979 मध्ये आला आणि आज लिनक्सवर सर्रास दिसणारा बॅश 1989 मध्ये. त्या आज्ञा एका फाइलमध्ये एकाखाली एक लिहिल्या की झाली स्क्रिप्ट. सॉफ्टवेअर आणून बसवायचं काम उबुंटूसारख्या प्रणालीत ‘ॲप्ट’ करतो. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, ही सगळी वरात तोच गोळा करतो. तो भाग मोठा आहे, आज सोडून देऊ.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक आज्ञा संपताना शेलच्या हातात गुपचूप एक आकडा ठेवून जाते. पडद्यावर तो दिसत नाही. शून्य म्हणजे काम फत्ते, बाकी कुठलाही आकडा म्हणजे बिघाड. शाळेत शून्य मिळाल्यावर काय व्हायचं ते आठवत असेल, तर हे उलटं वाटेल. पण काम नीट झालं की सांगण्यासारखं काही उरत नाही. बिघडलं तर कसं बिघडलं हे सांगावं लागतं, आणि त्यासाठी आकडे हवेत. त्या नावाची आज्ञाच सापडली नाही, तर 127. सापडली पण चालवता येत नाही, तर 126. तुम्ही कंट्रोल-सी दाबून मध्येच थांबवली, तर 130, म्हणजे 128 अधिक 2: संदेश मिळून थांबलेल्या आज्ञेसाठी शेल 128 मध्ये त्या संदेशाचा क्रमांक मिळवतो, आणि कंट्रोल-सीच्या संदेशाचा क्रमांक 2. ‘ॲप्ट’ची स्क्रिप्टमध्ये वापरायची आज्ञा ‘ॲप्ट-गेट’, ती गडबडली तर 100 देते.

हा आकडा आठ बिटांत बसवलेला असतो, म्हणून 0 ते 255. समजा तुम्ही एक तपासनीस प्रोग्राम लिहिलात आणि जितक्या चुका सापडतील तितका आकडा परत द्यायचं ठरवलंत. 255 चुकांपर्यंत ठीक. 256 वी चूक सापडली की आकडा फिरून शून्यावर येतो आणि शेल म्हणतो, उत्तम!

आता आमची स्क्रिप्ट. सतरा मशिनवर ‘ॲप्ट-गेट’नं इमानदारीत 100 दिला, पण तो कोणी वाचलाच नाही. शेल मुळात निर्विकार: एक ओळ पडली तरी पुढची चालवतो. शेवटची ओळ होती, ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असं छापण्याची. छापण्याचं काम नीट पार पडलं, आणि शेवटच्या आज्ञेचा आकडा तोच अख्ख्या स्क्रिप्टचा आकडा. शून्य.

यावर उपाय म्हणजे वरतीच ‘सेट -ई’ लिहिणं: चूक झाली की तिथेच थांब. तरी एक फट उरते. नेटवरून फाइल उतरवून पाइपनं, म्हणजे एका आज्ञेतून निघालेलं दुसरीत सोडणाऱ्या जोडणीनं, थेट शेलच्या तोंडात ओतायची पद्धत फार बोकाळली आहे. उतरवणं फसलं तर शेलला रिकामं ताट मिळतं. तो काहीच करत नाही आणि ते ‘काहीच नाही’ यशस्वीपणे करतो. पाइपचा आकडा शेवटच्या आज्ञेचा, म्हणून पुन्हा शून्य. ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिलं, तर पाइपमधल्या आधीच्या आज्ञेची चूकही पकडली जाते. शिवाय कुणाचीही फाइल न वाचता ॲडमिनच्या अधिकारात चालवणं म्हणजे घराची किल्ली रिक्षावाल्याकडे ठेवणं, ते वेगळंच.

त्या लॅबच्या सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची टांगलेली आहे. खंडेनवमीला मॉनिटरला झेंडूची माळ घालावी, माझी हरकत नाही, दिसते छान. पण ‘सर, मशिन लहरी आहेत’ हे वाक्य मला चालत नाही. मशिननं 100 सांगितला होता.

दुरुस्त स्क्रिप्ट आम्ही गुरुवारी चालवली. पुण्यातला गुरुवार, मध्येच वीज गेली. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून चालवायची, तर ती दुसऱ्यांदा चालवण्याजोगी हवी. आमटीत मीठ पडलंय का हे न बघता दुसऱ्यानं पुन्हा घातलं की काय होतं, ते माहीत आहेच. ‘ॲप्ट’ स्वतः चव घेतो, असलेलं पॅकेज पुन्हा बसवत नाही. पण सेटिंगच्या फाइलीत ओळ जोडणारी आमची आज्ञा दर वेळी नवी ओळ चिकटवत होती. मग फाइलीत मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ला आधी ती ओळ शोधायला लावलं: सापडली तर तो 0 देतो, नाही तर 1. एक आला तरच जोड.

शेवटी चाळीस मशिनचे आकडे एका फाइलीत आले. एकोणचाळीस शून्यं आणि एक 100. मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातलं मशिन, डिस्क काठोकाठ भरलेली. उघडून पाहिलं, तर सगळे सिनेमे.