पिस्टन की रोटरी? आधी बोअर विचारा

ट्युबा हे खर्जातलं भलंमोठं पितळी फुंकवाद्य वाजवणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: रोटरीचा आवाज गडद, पिस्टनचा उजळ. यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. पिस्टन आणि रोटरी हे व्हॉल्व्हचे, म्हणजे सूर बदलणाऱ्या झडपांचे, दोन प्रकार. व्हॉल्व्ह ठरवतो बोटाखालची चाल. बोअर, म्हणजे व्हॉल्व्हच्या नळीचा आतला व्यास, ठरवतो फुंकलेल्या हवेला वाट किती मोकळी मिळणार ते. जर्मन धाटणीचे रोटरी ट्युबा बहुधा रुंद बोअरचे असतात, म्हणून गडद आवाजाचं श्रेय व्हॉल्व्हच्या खात्यात जमा होतं.

पिस्टन वर-खाली सरकतो, खोल दाबावा लागतो. अर्धवट दाबून सूर छान घसरवता येतो. रोटरीत आतली फिरकी फक्त पाव वळसा घेते, कळ थोडीशीच दबते. पण सूर जोडून घेताना तिथे बारीकसा खटका जाणवतो. काहींना तो खटका स्पष्टपणा वाटतो; मला पिस्टनचा मऊ सांधा बरा. शिवाय पिस्टन घरी काढून पुसता येतो, रोटरी खोलायची तर कारागीर गाठावा.

आता बोअर. ट्युबात तो साधारण 17 ते 21 मिलिमीटर असतो. अरुंद बोअर फुंकीला थोडा अडवतो, त्यामुळे तारसप्तकात सूर धरायला आधार मिळतो. रुंद बोअरला दम जास्त लागतो. मंद्रात तो ऐसपैस बोलतो, पण ओठ सैल पडले की सूरही भरकटतो.

आणि वाद्य आडदांड म्हणजे बोअर मोठा, असंही नाही. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे ट्युबावादक अर्नल्ड जेकब्स ज्या अवाढव्य यॉर्क बनावटीच्या ट्युबासाठी ओळखले जातात, त्याचा बोअर सुमारे 19 मिलिमीटर. त्याहून अंगाने बराच लहान असलेल्या मीराफोन 186 या रोटरी ट्युबाचा 19.6! यॉर्कची भव्यता पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीत आणि बेलमध्ये, म्हणजे टोकाच्या कर्ण्यात, आहे. गंमत म्हणजे त्याच यॉर्कला चार व्हॉल्व्ह पिस्टनचे आणि पाचवा रोटरी आहे.

तेव्हा वाद्य निवडताना एक मंद्र सूर अगदी हळू फुंकून लांबवा. दम आधीच संपत असेल तर बोअर, माउथपीस आणि नळीचा घेर तपासा. व्हॉल्व्ह बदलून दम पुरणार नाही.