पायाखाली हिम आहे की बर्फ?

‘आगे पाला है, संभलके चलना,’ पुढे चालणारा गाइड म्हणाला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावरून पायथ्याच्या सांक्री गावाकडे उतरताना बांजच्या, म्हणजे ओकच्या झाडीतून वाट जात होती. पाला म्हणजे झाडाचा पाला, असंच आम्हा सहाही जणांना वाटलं. वाटेवर वाळकी पानं पडलेलीही होती. पुढच्याच वळणावर आमच्यातल्या मैत्रिणीचे दोन्ही पाय एकदम पुढे सरकले आणि ती उजव्या हातावर आपटली. मनगटाचं हाड मोडलं. पानांखाली नखाएवढ्या जाडीचा, काचेसारखा बर्फाचा थर होता. रात्री गोठून वाटेवर धरणाऱ्या या निसरड्या थराला उत्तराखंडात पाला म्हणतात.

त्याच दिवशी सकाळी आम्ही माथ्यावरून पोटरीभर खोल हिमातून उतरलो होतो, तेव्हा एकही जण पडला नव्हता. म्हणूनच सगळे निर्धास्त होते. बर्फात चालता येतं, हा विश्वास वर कमावला आणि खाली तोच नडला, कारण वर आणि खाली पायाखाली एकच गोष्ट नव्हती.

मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणतो. रसवंतीतली लादी बर्फ आणि आभाळातून भुरभुरत पडतो तोही बर्फ. हिम हा शब्द आपल्याकडे आहे, पण हिमालय, हिमवर्षाव अशा जोडशब्दांपलीकडे बोलण्यात फारसा येत नाही. ‘बर्फ’ मुळात फारसीतला. तिथे बर्फ म्हणजे आभाळातून पडणारं हिम, आणि गोठलेल्या पाण्याला ‘यख’ असा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे हिम पडतच नाही, त्यामुळे हा फरक जपायची कधी गरज पडली नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत गवतावर पांढरं दिसतं, पेपरात ‘हिमकण’ म्हणून फोटो येतात, पण ते गोठलेलं दव असतं. तेव्हा इथे सोयीसाठी असं धरू: आभाळातून पडलेलं ते हिम, आणि वाटेवर गोठून बसलेला तो बर्फ.

ताज्या, कोरड्या हिमात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते. असं एक घनमीटर हिम साधारण 50 ते 100 किलो भरतं, तर तेवढ्याच बर्फाचं वजन 917 किलो होतं. म्हणजे हिमावर पाय पडला की तो आत जातो, हिम दबतं आणि तळव्याभोवती आपोआप एक खोबण तयार होते. ती पायाला धरून ठेवते. हिमाचा त्रास घसरण्याचा कमी आणि रुतण्याचा जास्त. गुडघाभर हिमात दर पावलाला पाय उपसावा लागतो, तासाभरात मांड्या भरून येतात, बुटात शिरलेलं हिम वितळून मोजे भिजतात, आणि ओल्या मोज्यातली बोटं थांबल्यावर बधिर होऊ लागतात. ती बधिरता अंगावर काढू नये. हिमदंशाची सुरुवात तशीच होते.

बर्फ पडत नाही, बनतो. डिसेंबर-जानेवारीत केदारकंठ्याच्या वाटेवर रोज एवढी माणसं चालतात की वाटेतलं हिम तुडवून घट्ट होतं, त्यातली हवा निघून जाते. दुपारच्या उन्हाने वरचा पापुद्रा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. आठ-दहा दिवस असं झालं की वाटेच्या मधोमध करडा, गुळगुळीत पट्टा तयार होतो. दुसरा प्रकार झऱ्याचा. डोंगरातून पाझरणारं पाणी वाटेवर पसरतं आणि सावलीत गोठून बसतं. उत्तरेकडच्या उतारांवर हिवाळ्यात ऊन जेमतेम येतं, तिथे हा बर्फ दुपारीही हटत नाही.

बर्फ निसरडा का असतो? वजनाच्या दाबाने वितळतो म्हणून, असं शाळेत सांगतात. पण माणसाच्या वजनाने बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या काही हजारांशानेच खाली येतो. तेवढ्याने उणे पाचला काही वितळत नाही. खरं कारण असं की बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू सुटे, पाण्यासारखे हलते असतात. मायकेल फॅरडेने 1850 मध्येच तसा कयास मांडला होता. शिवाय बूट घासला की थोडी उष्णता निर्माण होते आणि ओल आणखी वाढते.

दोन्हींवर चालायची रीत मात्र एकमेकांच्या उलटी आहे, आणि जायच्या आधी कोणी आम्हाला एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं. हिमावरून उतरताना टाच जोरात रोवायची, गुडघा सैल ठेवून वजन तिच्यावर सोडायचं. पायरी आपोआप होते. चढताना बुटाच्या टोकाने ठोकर मारून खाच करायची. बर्फावर टाच आधी टेकली तर ती कशातच रुतत नाही. टेकते ती फक्त टाचेची कड, आणि पाय सरळ पुढे निघून जातो. तिथे अख्खा तळवा एकदम टेकवायचा, पावलं वीतभराची, गुडघे किंचित वाकलेले, आणि अंगाचा भार बरोबर पावलांच्या वर. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे अवघड जातं. आपल्याला घसाऱ्यावर टाच रोवून, मागे रेलून उतरायची सवय असते, आणि भीती वाटली की माणूस आणखीच डोंगराकडे रेलतो. बर्फावर मागे रेलणं म्हणजे पायाला स्वतःच पुढे ढकलणं.

ओळखायचं कसं? उजेड असेल तर डोळ्यांनी. हिम पांढरंशुभ्र आणि चमक नसलेलं दिसतं, बर्फ करडा, निळसर किंवा चक्क पारदर्शक असतो आणि तिरप्या उन्हात लकाकतो. काठी टोचली तर हिमात शिरते, बर्फावर टक् करून उसळते. कडाक्याच्या थंडीत कोरडं हिम बुटाखाली कर्रकर्र वाजतं. चालता चालता तो आवाज अचानक बंद झाला तर थांबून खाली पाहावं. अंधारात हाच सगळ्यात भरवशाचा इशारा. फसवतात ते झाकलेले बर्फ: जुन्या बर्फावर रात्री दोन बोटं नवं हिम पडलेलं, किंवा आमच्यासारखी वर पानं. अशा जागी काठी हाच उपाय.

साधनांचं थोडक्यात. बुटाच्या तोंडाशी बांधायचे गेटर्स हिमासाठी, साखळीला छोटे दात असलेले मायक्रोस्पाइक्स तुडवलेल्या कडक वाटेसाठी. भुसभुशीत खोल हिमात स्पाइक्सचा उपयोग जवळजवळ नाही, उलट तळाशी हिमाचे गोळे चिकटतात. क्रॅम्पॉन्स, म्हणजे बुटाखाली बांधायचे लांब दातांचे सांगाडे, ही निराळी गोष्ट आहे, त्यांना कडक तळाचा बूट लागतो आणि शिकल्याशिवाय ते वापरू नयेत.

आणि एकाच वाटेवर हे दोन्ही दिवसभर अदलाबदल करत असतात. माथ्यासाठी पहाटे तीनला निघतात तेव्हा रात्रीच्या थंडीने हिमाचा वरचा थर कडक झालेला असतो. उन्हं चढली की तोच उतार मऊ होतो आणि टाच छान रुतते. दुपारनंतर खाली झाडीत शिरलं की ऊन वळणावळणाला सोडून जातं आणि ओली वाट पुन्हा आवळायला लागते.

मैत्रीण पडली तेव्हा साडेतीन वाजले होते. त्या वळणावरचं ऊन आम्ही पोचायच्या आधीच गेलं होतं. स्पाइक्स आम्ही तळाच्या कॅम्पवर काढून सॅकच्या तळाशी ठेवले होते, कारण वाट तपकिरी दिसायला लागली आणि कोणीतरी म्हणालं, ‘संपला बर्फ.’ संपलं होतं ते हिम. तिचा हात मफलरमध्ये बांधून दीड तास आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून उतरवली. आता आमचे स्पाइक्स सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात असतात, आणि सांक्रीच्या सफरचंदाच्या बागा दिसेपर्यंत तिथून हलत नाहीत.